आप्पांनी मागं घेतलेलं वाक्य

आप्पांबरोबर दौऱ्यावर जाणाऱ्यानं घरून जेवून निघावं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. कुठल्याही गावात पंगत बसली की आप्पा वाढणाऱ्यांमध्ये जाऊन उभे राहायचे. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ते बसायचे, आणि ते बसेपर्यंत त्यांच्याबरोबर आलेल्यांनीही बसायचं नाही असा त्यांचा नियम होता. मैंदर्गीकडच्या एका लग्नात आम्ही असे थांबलो, तेव्हा पातेल्यात भात आणि ताक एवढंच उरलं होतं. मुलीचा बाप कानकोंडा झाला. आप्पांनी त्याला कानडीत काहीतरी सांगून हसवलं आणि पुन्हा पुन्हा भात मागून घेतला. गाडीत बसल्यावर मी कुरकुरलो, तर म्हणाले, "पंतुलु, आमच्या पलटणीत साहेब शेवटी जेवायचा. जवानाला मिळालं का ते बघून. म्हणून त्यानं सांगितलेलं आम्ही ऐकायचो. दुसरं काय कारण न्हवतं."

पंतुलु म्हणजे तेलुगूत मास्तर. आमचं घर विणकरांचं, सोलापुरात पूर्व भागातलं. आप्पांकडे कामाला लागण्याआधी मी काही दिवस शिकवण्या घेतल्या होत्या, तेवढ्यावरून त्यांनी हे नाव ठेवलं. ते घरी कानडी बोलायचे, मी तेलुगू, आणि आमची भांडणं मराठीत व्हायची. गाडी चालवणारे रशीदभाई गाडीतल्या खणात कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी ठेवायचे. दौरा लांबला की आरशातून माझ्याकडं बघून हळूच म्हणायचे, "खा लेव. आप्पा कू नक्को बोलो." आप्पांना अर्थातच सगळं माहीत होतं. ते खिडकीबाहेर बघत बसायचे.

आप्पा दोनदा आमदार झाले, मंत्री कधीच झाले नाहीत. त्याआधी सरपंच, त्याच्याही आधी फौजेत शिपाई. शिपाई म्हणजे ट्रकवरचा ड्रायव्हर. एकाहत्तरच्या लढाईत ते रसद पोहोचवत होते. निवडणुकीच्या पोस्टरवर त्यांनी वर्दीतला फोटो कधी छापू दिला नाही. एका प्रचारात विरोधकानं जाहीर सभेत सांगितलं, की हे स्वतःला फौजी म्हणवतात, पण यांनी आयुष्यात एक गोळी झाडलेली नाही. आम्ही उत्तर तयार करत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मोहोळच्या सभेत आप्पा उभे राहिले आणि म्हणाले, की ते बोलले ते खरं आहे, मी गोळी झाडली नाही, मी पीठ आणि बटाटे पोहोचवले. गोळी झाडणारे उपाशी नव्हते, एवढंच माझं काम. आणि लगेच पाण्याच्या प्रश्नाकडं वळले.

पुढारी होऊ पाहणाऱ्या पोरांना ते एक प्रश्न विचारायचे. शेवटचा संडास कधी धुतलास? पोरं हसायची. आप्पा हसायचे नाहीत. एकदा जिल्हा परिषदेचं तिकीट मागायला एक तरुण आला होता. चांगला शिकलेला, बोलायला तयार, पाठीमागं गावं. आप्पांनी त्याला कार्यालयाच्या मागचा संडास दाखवला आणि बादली कुठं आहे ते सांगितलं. तो अपमान समजून निघून गेला, दुसऱ्या पक्षात गेला आणि निवडून आला. पुढं त्याच्यामुळं आप्पांचे दोन हक्काचे गट हातचे गेले. मी एकदा म्हणालो, तेवढं जमवून घेतलं असतं तर. ते म्हणाले, जमवून घेतलं असतं तर तो आपल्याकडून निवडून आला असता, एवढाच फरक.

त्यांच्या आणखी एका सवयीला लोक उघड वैतागायचे. जेवणाला किंवा बैठकीला एका गावची, एका जातीची माणसं एकत्र बसलेली दिसली की आप्पा स्वतः जाऊन त्यांना उठवायचे. "तू हितनं ऊठ, तिकडं जाऊन बस." म्हातारा असो, संस्थेचा चेअरमन असो. याचं मूळ फौजेत होतं. भरती झाल्यावर त्यांना हिंदी येत नव्हती. बराकीत धारवाडकडचा एक कानडी बोलणारा भेटला, तेव्हा त्यांना घर सापडल्यासारखं झालं. हवालदारानं हे पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी दोघांना वेगळं केलं. आप्पांना एका गढवाली पोराबरोबर ट्रकवर टाकलं. पहिला हिवाळाभर ते त्याच्याशी कामापुरतंच बोलले. त्याच्या तेलाचा वास यांना सहन होत नसे, यांच्या चटणीनं तो शिंकायचा. मग त्याला ताप आला, आणि बोलावंच लागलं. गोष्ट एवढीच. मी पुढचं ऐकायला थांबायचो, तर ते म्हणायचे, पुढं काय असणार, दोस्त झालो नाही, पण त्याच्याबद्दल कुणी काहीही येऊन सांगितलं तर ते खरं का खोटं हे मला कळायला लागलं.

देश एक ठेवणं म्हणजे त्यांच्या मते हेच होतं. एकमेकांवर प्रेम करा असं त्यांनी भाषणात कधी सांगितलं नाही. एकदा शहरात मोबाइलवरच्या कुठल्याशा मजकुरावरून दोन गल्ल्यांत तणाव झाला आणि दुकानं बंद राहिली. आप्पांनी दोन्हीकडच्या दुकानदारांना एका मंगल कार्यालयात जेवायला बोलावलं. निम्मे आले. मी नाराज झालो. आप्पा म्हणाले, "निम्मे लई झाले की. एवढ्यांना आता एकमेकांची तोंडं माहिती झाली."

यातूनच त्यांचं ते प्रसिद्ध मत तयार झालं होतं. प्रत्येक घरानं एक पोर दोन वर्षं तरी वर्दीत घालावं. विधानसभेत बोलले तेव्हा सभागृहात हशा पिकला होता म्हणे. ते मात्र गावोगाव तेच सांगायचे. लढाईसाठी नव्हे, बराकीसाठी, असं म्हणायचे. मला ते पटत नसे. मी म्हणायचो, आप्पा, ज्याच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नाही तो काय करेल? विरोधक तर थेट विचारायचे, तुमचे दोन्ही मुलगे का गेले नाहीत? थोरल्याची ट्रॅक्टरची एजन्सी होती, धाकटा पुण्यात कंपनीत होता. यावर आप्पा फक्त म्हणायचे, त्यांनाच विचारा. एरवी हजरजबाबी माणूस इथं आखडायचा.

हे मत त्यांच्या अंगावर आलं ते शालनताईंमुळं.

त्या दिवशी सकाळी घराच्या व्हरांड्यात नेहमीची गर्दी होती. एक चाळिशीतली बाई कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मोडनिंबजवळच्या एका गावातून एस.टी.नं आली होती. तिचा नंबर आला तेव्हा तिनं नाव सांगितलं आणि आप्पा खुर्चीतून उठले. तिचा नवरा फौजेत होता, सीमेवर मारला गेला होता. त्याच्या अंत्यविधीला आप्पा गेले होते, मी त्यांच्याकडं यायच्या आधीची गोष्ट. बाकीच्यांना त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं. मला थांब म्हणाले.

शालनताई इकडचं तिकडचं काही बोलल्या नाहीत. त्यांची मुलगी ऋतुजा बारावी झाली होती. फौजेच्या पोलिसात आता मुली घेतात, तिथल्या भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे धावत होती. एकुलती एक. त्यांनी सांगून पाहिलं, रडून पाहिलं, अबोला धरला. पोरगी म्हणायची, आई, ते ठरलेलंच आहे.

"कुणी ठरवलं?" आप्पांनी विचारलं.

"तुमी," त्या म्हणाल्या.

आप्पांना कळलं नाही. मलाही कळलं नाही. मग शालनताईंनी सांगितलं. सरणाजवळ, माइकवर, आप्पा बोलले होते. 'ह्या वीराची लेक उद्या बापाची वर्दी अंगावर घालंल, हा शब्द मी आज देशाला देतो.' लोकांनी घोषणा दिल्या होत्या. शालनताई ते वाक्य अजिबात न चढवता, भाजीचा भाव सांगावा तसं बोलल्या.

"मला त्या दिवशीचं दुसरं काय बी आठवत न्हाय, आप्पा. कोन आलं, कोन गेलं, काय न्हाय. तेवढंच आठवतंय. माज्या मांडीवर हुती ती."

पुढचं आम्हाला तुकड्यातुकड्यानं कळलं. शाळेनं ते वाक्य उचललं होतं. दर पंधरा ऑगस्टला मुलीला झेंड्याजवळ उभी करायचे. पाहुणे यायचे, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, बापाचं नाव काढायचंय बरं का. गावात एकदा तिच्या फोटोचा फ्लेक्सही लागला होता. ती त्यातच वाढली.

"आता तुमीच येऊन सांगा तिला," शालनताई म्हणाल्या. "शब्द मागं घेतला म्हून."

आप्पांना ते बोललेलं आठवत नव्हतं. हे त्यांनी शालनताईंना तिथंच सांगितलं, लपवलं नाही. मला वाटलं ती बाई चिडेल. तिनं नुसती मान हलवली, जणू तिला ते अपेक्षितच होतं. चहाला थांबली नाही.

तो सगळा दिवस आप्पा विचित्र वागले. व्हरांड्यातल्या लोकांची कामं भराभर उरकली, कुणालाही उठवून दुसरीकडं बसवलं नाही. दुपारी मला विचारलं, "मी अशा किती मढ्यांसमोर बोललो असेन रे?" मी म्हणालो, मी आल्यापासून पाच-सहा तरी असतील. त्या सगळ्या ठिकाणी तुम्ही काय बोलला ते मला आठवतंय, असं मी म्हणालो नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

रविवारी आम्ही गेलो. रस्ताभर त्यांनी रशीदभाईंना टायरमधल्या हवेवरून बोलून घेतलं. शालनताईंचं घर गावाच्या कडेला, पुढं फरशीचा ओटा. ऋतुजा दारात आली. उंच, काटक, केस कानापर्यंत कापलेले. नमस्कार केला, पाणी दिलं, आणि आईशेजारी न बसता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

आप्पांनी प्रस्तावना केली नाही. म्हणाले, "बाळ, तुजा बाप गेला तवा मी एक वाक्य बोललो. ते बोलायचा मला अधिकार न्हवता. तुला विचारलं न्हवतं, तुज्या आईला विचारलं न्हवतं. ते मी परत घेतो. तुज्यावर कसलं बंधन न्हाई."

ऋतुजा म्हणाली की ते वाक्य तिला पाठ आहे. शाळेत मुली तिला 'देशाला दिलेली' म्हणून चिडवायच्या. आधी ती त्याच वाक्यापायी धावायला लागली होती, हेही खरं. पण आता तिला धावायला आवडत होतं. आणि वडील जिथं होते ते तिला बघायचं होतं. घरात बसून ते दिसत नाही, असं म्हणाली.

आप्पा तिला समजावू लागले. नोकऱ्या दुसऱ्या आहेत, शिक्षण आहे, आई एकटी आहे. आयुष्यभर ज्याच्या उलट बोलले ते सगळं अडखळत बोलत होते. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं,

"तुमचा मुलगा का गेला नाही, आप्पा?"

विरोधक विचारायचे तसा त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मी म्हणलं व्हतं त्याला. तो नको म्हणाला."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? जबरदस्ती कशी करायची? त्याचं आयुष्य."

"मग माझ्यावर पण करू नका," ती म्हणाली. "न जायची."

शालनताई उठून आत गेल्या. आप्पांनी त्यांना हाक मारली आणि ताई, मी सांगितलं, तिनं ऐकलं नाही, असं काहीतरी म्हणाले. त्या दारापर्यंत परत आल्या.

"बोलला तवा चार गावं हुती ऐकायला," त्या म्हणाल्या. "परत घ्यायला घरात येऊन बसलासा व्हय?"

परतीच्या वाटेवर आप्पा एकदाच बोलले. "बाई खरं बोलली."

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला त्याच गावच्या शाळेत झेंडावंदनाला त्यांनी स्वतःहून बोलावणं मागून घेतलं. पक्षातल्या मंडळींना वाटलं, साहेब पुन्हा उभे राहणार. मैदान भरलं होतं. मुख्याध्यापकांनी सवयीनं ऋतुजाला पुढं बोलावलं. आप्पांनी तिला परत पाठवलं, आईजवळ बसायला सांगितलं. मग माइक घेतला. अनेक वर्षांपूर्वी इथल्याच सरणाजवळ मी एका लहान पोरीच्या वतीनं शब्द दिला होता, असं त्यांनी सांगितलं. तो माझा नव्हता. दुसऱ्याचं लेकरू देऊन टाकणं फार सोपं असतं, टाळ्याही पडतात. मी तो शब्द मागं घेतो. इथून पुढं मी कुणाच्या घरातलं पोर मागणार नाही. ज्याला जायचं त्याची वाट अडवू नका, जो जाईल त्याच्या घराकडं बघा, आणि पुढाऱ्यांनी मढ्यासमोर तोंड बंद ठेवावं, मी धरून. एवढं बोलून खाली बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काय झालं हे लोकांच्या ध्यानात यायला वेळ लागला.

ध्यानात आलं ते मोबाइलवर. कुणीतरी भाषणाचा मधलाच तुकडा काढला, आणि संध्याकाळपर्यंत आप्पा फौजेविरुद्ध बोलले अशी बातमी जिल्हाभर झाली. त्यांच्या फोटोवर काट मारून लोक पाठवत होते. माजी सैनिकांच्या एका कार्यक्रमाचं आमंत्रण रद्द झालं, ते त्यांना फार लागलं. पक्षानं खुलासा मागितला. मी पूर्ण भाषण मिळवलं होतं, ते टाकू या म्हणालो. आप्पा म्हणाले, "पंतुलु, ते माज्याबद्दल व्हईल परत. त्या पोरीचं नाव निघंल. राहू दे." पुढच्या निवडणुकीत प्रचाराच्या वक्त्यांत त्यांना घेतलं नाही. व्हरांड्यातली गर्दी हळूहळू पातळ झाली. आप्पा सकाळी तयार होऊन खुर्चीत बसायचे. कधी कधी मी, रशीदभाई आणि ते असे तिघंच असायचो.

गावात मात्र काही गोष्टी बदलल्या. शाळेनं ऋतुजाला झेंड्याजवळ उभी करणं बंद केलं. तिनं आईला सांगितलं होतं की तू हो म्हणेपर्यंत मी अर्ज भरणार नाही. शालनताईंनी बरेच दिवस घेतले. मग एके दिवशी त्या गावच्या लोकांना मैदानाच्या कडेला उभ्या दिसल्या, डोक्यावर पदर, हातात मोबाइल. मुलगी फेऱ्या मारत होती आणि त्या वेळ लावत होत्या. दमली की ओरडून शिव्याही देत होत्या म्हणे. हे आम्हाला तिथल्या सरपंचानं फोनवर सांगितलं. आप्पांनी ते दोनदा सांगायला लावलं.

ऋतुजाची निवड झाली. ती बंगळूरला गेली. ट्रेनिंग संपवून पहिल्या सुट्टीवर आली तेव्हा गावानं सत्कार ठेवला. आप्पांना बोलावलं होतं. ते एका अटीवर आले, की त्यांना व्यासपीठावर बसवायचं नाही. आम्ही मंडपात मागच्या खुर्च्यांवर बसलो. ऋतुजा आधी आमच्याकडं आली. आप्पांनी तिला बराकीतल्या मुलींबद्दल विचारलं. शेजारच्या कॉटवर मणिपूरची आहे, ती म्हणाली, आणि तिच्या सुक्या माशाच्या वासावरून आमचं रोज भांडण होतं. आप्पा इतके खूश झाले की बराच वेळ हसत होते. भांडत रहा, म्हणाले.

आमदार बोलले, सभापती बोलले. दोघांनीही देशाला दिलेली लेक म्हटलं. शेवटी सूत्रसंचालकानं शालनताईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या नको म्हणतील असं सगळ्यांनाच वाटलं होतं. त्या उठल्या, माइक हातात घेतला, तो तोंडापासून फार लांब धरला, मग जवळ घेतला.

"माजी लेक कुनी दिली न्हाय, आन् कुनी मागितली न्हाय," त्या म्हणाल्या. "ती गेलीय. आन् मी जा म्हनलंय. एवढंच हाय."

माइक त्यांनी टेबलावर आडवा ठेवून दिला. मंडपात कुजबुज झाली. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना ठरवता येईना. आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. नुसतेच उभे राहिले, हात बाजूला सोडून. त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

परतताना मोहोळला चहाला थांबलो. रशीदभाई कप घेऊन आले. माझ्या मनात एक सल होती, ती मी बोलून दाखवली. म्हणालो, एवढं सगळं तुम्ही सोसलं, तिनं तुमचं नाव घ्यायला हवं होतं.

आप्पा चहा ओतायच्या बशीकडं बघत होते. "घेतलं असतं तर," म्हणाले, "परत माजंच भाषण झालं असतं की."

आणि रशीदभाईंना म्हणाले, अजून एक कप घेऊन ये, आज चहा चांगला जमलाय.